दहावा मजला

नानजिंगचा चिनीमातीचा मनोरा नऊ मजल्यांचा होता. मिंग सम्राट योंगलेच्या काळात, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला आणि १८५६ मध्ये ताइपिंग बंडाच्या धुमाळीत जमीनदोस्त झाला. चिनी पॅगोड्याचे मजले रिवाजानुसार विषम असतात. सात, नऊ, क्वचित तेरा. युरोपात मात्र हा मनोरा बराच काळ दहा मजल्यांचा म्हणून ओळखला जात होता. १६६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या याकोब फान मूर्स या प्रकाशकाने योहान न्यूहोफचं चीनचं प्रवासवर्णन काढलं, त्यातल्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात एक मजला जास्तीचा चढला होता. पुस्तक तडाखेबंद खपलं, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, इंग्रजीत गेलं आणि त्याबरोबर दहावा मजलाही गेला. लंडनजवळच्या क्यू बागेत विल्यम चेंबर्सने १७६२ मध्ये पॅगोडा उभारला. चेंबर्स स्वतः कँटनला जाऊन आलेला होता, तरी त्याच्याही पॅगोड्याला मजले दहाच!

न्यूहोफ खोटारडा नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शिष्टमंडळाबरोबर तो १६५५ ते ५७ या काळात खरोखर पेकिंगपर्यंत गेला होता आणि वाटेतली शहरं, देवळं, प्राणी यांची चित्रं काढून आणण्याचं काम त्याच्याकडेच होतं. त्याचं हस्तलिखित १९८४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडलं. त्यातली रेखाटनं साधी आहेत. छापील पुस्तकात मात्र जागोजागी ताडामाडाची झाडं उगवली आहेत, आणि पुढच्या बाजूला गिऱ्हाइकाला खूश करायला नटवलेली माणसं उभी केली आहेत. ही भर कोरणाऱ्यांची. न्यूहोफने पाहिलं, पण छापलं गेलं ते न पाहणाऱ्यांच्या हातून.

सतराव्या-अठराव्या शतकातलं ॲमस्टरडॅम हे अशा चित्रांचं घाऊक कोठार होतं. कोरक पोलादी कोरणीने गुळगुळीत तांब्यात चर पाडायचा. चरांत शाई भरून वरचा पत्रा पुसून काढायचा. मग ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा. छाप उलटा उमटतो, म्हणून पत्र्यावरचं चित्र उजव्याचं डावं करून कोरावं लागतं. दुसऱ्याच्या पुस्तकातलं चित्र घाईने उचलायचं असेल तर एवढी यातायात कोण करणार? सरळ आहे तसं कोरायचं. मग छापात माणसं डावखुरी होतात, मिरवणूक उलट दिशेने निघते. जुन्या चित्रांत कोणी कोणाचं उचललं हे अभ्यासक अशाच खुणांवरून ओळखतात.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बर्नार पिकारचं. जाँ फ्रेदेरिक बर्नार या प्रकाशकासाठी त्याने जगातल्या सगळ्या लोकांच्या धार्मिक विधींची चित्रं कोरली. १७२३ पासून त्याचे जाडजूड खंड निघत गेले आणि १७३८ मध्ये कॅथलिक चर्चने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. पिकार ॲमस्टरडॅममधल्या पोर्तुगीज ज्यूंच्या घरी वल्हांडणाच्या जेवणाला बसला होता. ते चित्र पाहा, मेजावरची भांडी, बसलेली माणसं, सगळं नजरेखालचं आहे. मेक्सिको आणि चीनच्या चित्रांकडे वळलात की ही नजर गायब होते. तिथे तो दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून काम करतो. चिनी लग्नाची वरात, चिनी प्रेतयात्रा, कमळात बसलेली अनेक हातांची देवी. ही देवी मुळात आथानाझिउस किर्शर या जेझुइट पंडिताच्या १६६७ च्या चीनवरच्या ग्रंथातली. किर्शर रोममध्ये बसून लिहीत होता, चीनला कधी गेला नाही. त्याचं म्हणणं असं, की मूर्तिपूजा इजिप्तमधून सगळीकडे पसरली. म्हणून करुणेची बौद्ध देवता गुआनयिन त्याला चीनची आयसिस वाटली. एकदा तसं ठरल्यावर चित्रही त्या मापाचं होणं ओघानेच आलं.

ॲझ्टेकांची गत याहून वाईट. त्यांचा देव वित्सिलोपोच्त्ली त्यांच्या स्वतःच्या चित्रपोथ्यांत हमिंगबर्डच्या मुखवट्याचं शिरस्त्राण घालून, हातात अग्निसर्प घेऊन उभा असतो. १५९० मध्ये होसे दे आकोस्ताने लिहिलेल्या वर्णनातही डोक्यावरचा पिसांचा तुरा पक्ष्याच्या चोचीसारखा आहे, निळं आसन आहे, दांड्यांना सर्पमुखं आहेत. ऐंशी वर्षांनी, १६७१ मध्ये, ॲमस्टरडॅमच्याच आर्नोल्डुस मॉन्टानुसच्या पुस्तकात हाच देव वटवाघळाचे पंख लावून, पोटावर दुसरा चेहरा घेऊन बसला आहे. पंख आकोस्ताच्या वर्णनात नव्हते. ते युरोपातल्या चर्चच्या भिंतींवरच्या सैतानाचे होते. आणि कोणी म्हणेल की बिचाऱ्यांना अस्सल नमुना मिळाला नसेल, तर तेही खरं नाही. मेक्सिकोत १५४० च्या सुमारास तिथल्याच चित्रकारांनी रंगवलेली कोडेक्स मेंडोसा ही पोथी फ्रेंच चाच्यांच्या हाती पडली, राजपंडित आंद्रे तेवेकडून इंग्लंडला पोचली, आणि सॅम्युएल पर्चसने १६२५ मध्ये तिच्यातली चित्रं बऱ्यापैकी प्रामाणिकपणे छापलीसुद्धा होती. नमुना बाजारात होता. गिऱ्हाइकाला सैतान हवा होता.

आता आकाशाकडे. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ-दहानंतर पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं. हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. त्यांच्या खाली, जरा अंधाऱ्या गावातून पाहिलं तर, एक फिकट धुरकट ठिपका दिसतो. हाच मृगातला तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं, पसारा वीस-पंचवीस प्रकाशवर्षांचा. दुर्बिणीतून तो प्रथम टिपला गेला १६१० मध्ये, निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्ककडून. क्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये त्याचं चित्र छापलं. म्हणजे न्यूहोफचा मनोरा आणि हा तेजोमेघ एकाच देशातल्या माणसांकरवी, पाच-सहा वर्षांच्या अंतराने, छापील कागदावर आले.

आणि तिथेही दहावा मजला चढायला वेळ लागला नाही.

पुढची दोनशे वर्षं खगोलज्ञ डोळा दुर्बिणीला लावून आणि पेन्सिल कागदाला लावून हा ढग चितारत राहिले. एकाच्या चित्रात एक आखात खोल, दुसऱ्याच्या चित्रात तेच उथळ. मग वाद सुरू झाले की तेजोमेघ बदलतो आहे का? काही नामवंतांना खात्री वाटत होती की बदलतो. बदलत होते ते चितारणारे हात आणि डोळे. एवढ्या अंधुक उजेडात डोळ्याची रंग ओळखणारी यंत्रणा जवळपास झोपलेली असते, कडा नीट ठरत नाहीत, आणि डोळा काय करतो, तर ओळखीचं काहीतरी शोधतो. त्यातून दुर्बिणीतली प्रतिमा उलटी, छापातली प्रतिमा उलटी. आणि पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने उजेड दाखवायचा म्हणून अनेक पुस्तकांत आकाश पांढरं आणि तेजोमेघ काळा! वाचकाला काय कळत असेल कोण जाणे.

एका वाचकाला काय दिसलं ते आपल्याला ठाऊक आहे. जॉन हर्शेलने काढलेल्या चित्राची एक छापील आवृत्ती स्कॉटिश खगोलज्ञ जॉन निकोलच्या पुस्तकात आली होती. ती पाहून इंग्रज लेखक टॉमस डी क्विन्सीने १८४६ मध्ये एक निबंध लिहिला. त्याला त्या ढगात मागे झुकलेलं एक राक्षसी मस्तक दिसलं, उघडा जबडा, क्रूर ओठ. हर्शेलने त्यात उजेडाचे झोत आणि काळे खळगे टिपले होते. डी क्विन्सीने त्यात मॉन्टानुसच्या वित्सिलोपोच्त्लीचा सख्खा भाऊ पाहिला. अपरिचित पाहिलं की युरोपचा सैतान तयारच असायचा, मग तो मेक्सिकोचा देव असो की तेराशे प्रकाशवर्षांवरचा धूर. मला या सगळ्या इतिहासातली ही गाठ सर्वांत बोलकी वाटते.

फोटो आला तेव्हा वाटलं, आता हाताचा प्रश्न मिटला. ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपरने ५१ मिनिटं काच उघडी ठेवून मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. तीन वर्षांत इंग्लंडच्या एन्स्ली कॉमनने असा फोटो काढला की त्यात डोळ्याला न दिसणारे तारेसुद्धा उमटले. त्याआधीच विल्यम हगिन्सने वर्णपटदर्शक लावून दाखवलं होतं की हा ढग म्हणजे दूरच्या ताऱ्यांचा झुबका नसून तापलेला विरळ वायू आहे. वर्णपटात दोन हिरव्या रेषा होत्या, पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या. पुढे ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून शास्त्रज्ञ मोकळे झाले. १९२७ मध्ये आयरा बोएनने सिद्ध केलं की तो ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. आपल्या हवेत रेणू इतके दाटीने असतात की तो अणू तशा रीतीने प्रकाशायच्या आधीच कशाला तरी धडकतो. तेजोमेघात त्याला निवांतपणा मिळतो.

तिथे चाललंय काय ते आता बऱ्यापैकी कळलं आहे. हायड्रोजन आणि धुळीचे थंडगार ढग, शून्याखाली अडीचशे अंशांहूनही थंड, स्वतःच्या वजनाने आत ढासळू लागतात. गाठी बनतात, गाठी फिरता फिरता चपट्या होतात, मध्यभाग तापत जातो, आणि गाभा सुमारे एक कोटी अंशांवर गेला की हायड्रोजन पेटतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला स्थिरस्थावर व्हायला काही कोटी वर्षं लागतात. मृगातले तारे त्या मानाने तान्हे, बरेचसे दहा-वीस लाख वर्षांचे. ढगाच्या पोटात चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आहे. त्यातला सगळ्यात दांडगा तारा सूर्याच्या तीसपट तरी जड. त्याच्या अतिनील किरणांनी सगळा तेजोमेघ उजळतो आणि त्याच किरणांनी शेजारच्या बाळताऱ्यांभोवतीच्या चकत्या, ज्यांतून ग्रह व्हायचे, वाफ होऊन उडून चालल्या आहेत. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात अशा चकत्या एकेक करून दाखवल्या: काळसर टिकली, तिला मागे वाहणारं शेपूट.

हबलचं सगळ्यात गाजलेलं चित्र मात्र मृगातलं नाही. १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब टिपले. हे खांब साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. मूळ टिपणं कृष्णधवल असतात. वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेली टिपणं एकावर एक ठेवून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. खरं तर गंधक आणि हायड्रोजन दोन्ही लालच चमकतात. डोळ्यावर सोपवलं असतं तर दोन्ही एकात मिसळून गेले असते. त्या चित्राचा एक कोपरा पायऱ्यांसारखा कातरलेला आहे, कारण कॅमेऱ्याच्या चार तुकड्यांपैकी एक जास्त बारीक पाहायचा आणि चित्र जुळवताना तो लहान करावा लागे. हा कोपरा झाकला नाही हे मला आवडतं.

पण खांब उभे का? अवकाशात वर-खाली नसतं. कलेतिहासकार एलिझाबेथ केसलर यांनी २०१२ च्या ग्रंथात दाखवलं आहे, की हबलची चित्रं एकोणिसाव्या शतकात टॉमस मोरानसारख्यांनी रंगवलेल्या अमेरिकन पश्चिमेच्या कड्यांशी किती मिळतीजुळती आहेत: खालून अंधार, वर उजेड, मध्ये सुळके. वेब दुर्बिणीच्या २०२२ च्या पहिल्या चित्रांतलं एक तर कड्यांच्याच नावाने प्रसिद्ध झालं. तेही अवरक्त किरणांतलं, म्हणजे एकही रंग डोळ्याला दिसणारा नाही. हे रंग चढवणारे कारागीर आजचे पिकार आहेत असं म्हणायचा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. त्यांनी काय केलं याची कृती लिहिलेली असते, आणि मूळ टिपणं सर्वांना खुली असतात. कोणीही हौशी माणूस ती उतरवून घेऊन दुसरे रंग चढवू शकतो, आणि अनेकजण चढवतातही. वित्सिलोपोच्त्लीचे पंख काढून घ्यायची सोय ॲझ्टेकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीतल्या कोणालाच नव्हती.

ॲझ्टेकांनी मात्र आकाशाची आपली नोंद ठेवली होती. फ्रान्सिस्कन पंथाचा भिक्षू बेर्नार्दिनो दे सहागून आणि त्याचे नाहुआ, म्हणजे ॲझ्टेकांचीच भाषा बोलणारे, विद्यार्थी-चित्रकार यांनी १५७७ पर्यंत बारा भागांचा जो ग्रंथ सिद्ध केला, आज फ्लॉरेन्समध्ये असलेला, त्याच्या सातव्या भागात सूर्य, चंद्र आणि तारे आहेत. तिथे ‘मामाल्वास्त्ली’ नावाचा तारकासमूह येतो, अग्नी घुसळून काढायच्या काड्या. बहुतेक अभ्यासक त्याला मृगातल्या तीन ताऱ्यांशी आणि त्यांच्या खालच्या भागाशी जोडतात. यज्ञात अरणी घुसळणाऱ्यांच्या वंशजांना ही कल्पना परकी वाटू नये. दर ५२ वर्षांनी सगळ्या चुली विझवून, कृत्तिका माथ्यावर येतात का ते पाहून, तेनोच्तित्लानजवळच्या टेकडीवर बंदिवानाच्या छातीवर नवा अग्नी घुसळला जाई. असा शेवटचा विधी १५०७ मध्ये झाला. शेजारचे किचे माया लोक तर मृगातल्या तीन ताऱ्यांना, बाणातल्या एका आणि खालच्या दोन ठळक ताऱ्यांना, चुलीचे तीन दगड मानतात आणि मधल्या धुरकट ठिपक्याला तिचा धूर. डी क्विन्सीच्या मस्तकापेक्षा हे सत्याच्या बरंच जवळ आहे!

सहागूनचा ग्रंथ २०२३ पासून लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने मूळ नाहुआत्ल भाषेतल्या मजकुरासह इंटरनेटवर खुला केला आहे. चाळलात तर शेवटच्या भागांकडे लक्ष द्या. १५७६ मध्ये मेक्सिकोत भीषण साथ आली, माणसं मेली, रंगद्रव्यं मिळेनाशी झाली, तरी चित्रकारांनी काम थांबवलं नाही. तिथपासून पुढची बरीचशी चित्रं नुसत्या काळ्या रेषेत आहेत.