जुमेरातची बैठक आणि हप्त्याची बैठक

आमच्या गल्लीत जुमेरातची बैठक भरली आहे की नाही, हे घरात शिरायच्या आधीच कळतं. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग लागलेली असते. असरची नमाज आपापल्या घरी पढून बायका येतात आणि मगरिबच्या आधी चुलीकडे परततात. मधला तास-सव्वा तास त्यांचा स्वतःचा. कुणीतरी तरजुमा वाचतं, मुली नात पढतात, मग दुआ होते, चहा येतो आणि खरी बैठक त्यानंतर सुरू होते. कुणाच्या लेकीला स्थळ आलं, कुणाच्या सासूची शुगर वाढली, कुणाच्या मुलानं दहावीनंतर शाळा सोडली. मी शाळेतून येते तेव्हा वाचन बहुतेक संपत आलेलं असतं, पण चहानंतरचं काही चुकत नाही.

गेल्या वर्षी या रांगेतली एक चप्पल दिसेनाशी झाली. ती बाई सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायची. वयानं मोठी, म्हणून आम्ही सगळ्या तिला खालाच म्हणतो. पहिल्या आठवड्यात वाटलं, तब्येत बरी नसेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, पाहुणे असतील. पाचव्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती शिलाई मशिनीवर बसली होती, ठणठणीत होती. म्हणाली, “बाई, वहाँ कैसे आऊं? चौघींनी माझा हप्ता भरलाय. त्यांच्या शेजारी बसून दुआला हात कसे उचलू?”

हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे.

गाव कोडोली

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोल्हापूरहून महामार्गाने वाठारला यायचं आणि तिथून आत वळायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मग वारणानगर आणि त्याला लागूनच पन्हाळा तालुक्यातलं आमचं कोडोली. म्हणायला खेडं, पण बाजारपेठ, शाळा-कॉलेज, दवाखाने सगळं आहे. जुन्या मिशन हॉस्पिटलमुळे आसपासच्या गावांना कोडोली फार पूर्वीपासून माहीत होतं. तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या काठी सहकार उभा केला. साखर कारखान्यामागून दूध आलं, बाजार आला, आणि लिज्जत पापडाच्या कामामुळे या भागातल्या शेकडो बायकांच्या हातात स्वतःची कमाई आली. पापड लाटणाऱ्या बायकांत सगळ्या जातीधर्मांच्या होत्या. लिज्जतची सुरुवातच १९५९ साली मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केलेली. चार बायका एकत्र बसल्या की काय होऊ शकतं, हे आमच्या भागाला कुणी शिकवायची गरज नाही.

इकडच्या मुस्लिम घरांची ओळख त्यांच्या आडनावांतच असते. मुल्ला, मुजावर, शिकलगार, तांबोळी, अत्तार, जमादार, पिंजारी, मणेर. प्रत्येक आडनावामागे गावगाड्यातलं एक काम. घरात दखनी, दारात मराठी, आणि दुआ अरबीत. मुलांना शाळेत पाठवण्याची परंपराही आम्हाला परकी नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू करून दिलं आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या वाटेनं आमच्या आज्या नाही, पण आमच्या आया चार इयत्ता शिकल्या आणि आम्ही नोकरीला लागलो.

वर्षभराच्या बैठका

बायकांनी एकत्र बसण्याची आमच्याकडे बरीच निमित्तं आहेत. मोहरममध्ये चोंगे आणि मलिदा करायला चार घरच्या बायका एकाच घरात जमतात. कणीक एकीनं मळायची, साच्यावर दुसरीनं थापायची, तिसरीनं तळायची. पंजे बसतात तेव्हा नवस फेडायला मराठा आणि लिंगायत घरांतल्या बायकाही येतात आणि चोंग्यांचा वाटा घेऊनच जातात. रबिउल अव्वलमध्ये मिलाद होतात. रमजानमध्ये एखाद्या हाफिजा मुलीच्या मागे तरावीह पढायला मोठ्या खोलीत बायका दाटीवाटीने उभ्या राहतात. लग्नाच्या आदल्या रात्री हळद-मेंदीला ढोलकीवर दखनी गाणी होतात, त्यात विहिणींची अशी टिंगल असते की ती या मासिकात छापता येणार नाही.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला शेजारणी आम्हाला आवर्जून बोलावतात. कुंकू लावत नाहीत, हातावर तिळगूळ ठेवतात आणि वाण देतात. ईदच्या शिरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्याकडे जातो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यावर पूर आला तेव्हा भाकऱ्या थापायला बसलेल्या बायकांची नावं कुणी विचारली नाहीत. हे सगळं जमणं असं सवयीतून आलेलं आहे, आणि म्हणूनच अडीअडचणीला ते कामी येतं.

मात्र एक गोष्ट खरी, की यांतल्या बहुतेक ठिकाणी बाईला वेगळी जागा नाही. मशिदीत आमच्यासाठी खोली नाही, समाजमंदिरावर पुरुषांची बैठक असते. आमची बैठक कुणाच्या तरी घरी, त्या घरच्या पुरुषांच्या सोयीनं भरते. म्हणून जेव्हा गल्लीत एक नवी बैठक सुरू झाली, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आणि त्या बैठकीला जायला नवऱ्यानंही कधी अडवलं नाही, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं.

नवी बैठक

ती बैठक हप्त्याची. बचत गटाची नव्हे, हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

बचत गटात दहा ते वीस बायका असतात. आधी स्वतःची बचत, मग त्या बचतीतून आपसात कर्ज, आणि हिशेबाची वही गटाकडे. नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून असे गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आज गावोगावी ‘उमेद’ अभियानाचे गट दिसतात. गटात व्याज असतं, पण ते गटाच्याच पेटीत राहतं आणि वर्षाअखेर बायकांतच वाटलं जातं. आमच्या मोहल्ल्यातल्या पुष्कळ जणी याही गटांपासून लांब राहिल्या. कारण एकच, सूद.

कंपनीची बैठक वेगळी. तिथं आधी कर्ज येतं. पाच-दहा बायकांचा गट करतात, तारण काही घेत नाहीत, कारण तारण म्हणजे त्या बायकांची एकमेकींशी असलेली ओळखच. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. पैसे पुरे होईपर्यंत वसुलीवाला उठत नाही आणि बायकांनाही उठू देत नाही. सुदाच्या भीतीनं बचत गटाला नाही म्हणणाऱ्या आमच्याच बायका या गटांत कशा गेल्या? नवऱ्याचं आजारपण, लेकीचं लग्न, घराची गळकी पत्रं. बँकेत कागद मागतात, इथं घरपोच येऊन देतात. गरजेच्या दिवशी कुणीही व्याजाचा दर विचारत नाही.

गणिताच्या बाई म्हणून हिशेब मांडून दाखवते. समजा ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी, उरलेल्या रकमेवर वर्षाला २४ टक्के व्याजानं घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये बसतो. दोन वर्षांत पन्नास हजार साडेसातशेच्या आसपास फेड होते, म्हणजे व्याज झालं पावणेअकरा हजार. एका कर्जाचं हे गणित एखादं घर सोसतं. पण पहिलं फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं असं झालं, की महिन्याला ६,३०० रुपयांहून जास्त बाहेर जातात. खालाचं असंच झालं होतं.

आणि आता माझ्या वाट्याचं सांगते. तिच्या दुसऱ्या कर्जाचा फॉर्म मी भरून दिला होता. गल्लीत मास्तरीण म्हटलं की सगळ्यांचे फॉर्म तिच्याकडे येतात. मी नाव, पत्ता, आधार नंबर सुवाच्य अक्षरात लिहिलं, पेन्सिलच्या फुल्यांवर तिच्या सह्या घेतल्या आणि चहा पिऊन घरी आले. तिला आधीचं कर्ज किती, घरात येतात किती, हे विचारलं नाही. शाळेत मुलांना ‘उदाहरण पूर्ण वाचल्याशिवाय सोडवू नका’ असं रोज सांगणारी मी.

आम्ही काय केलं

पुढच्या जुमेरातला तरजुम्याचं पान मी मुद्दाम सूरह बकराचं काढलं. कर्जदार तंगीत असेल तर त्याला उसंत द्यावी, आणि सोडून दिलं तर ते अधिक चांगलं, असं २८०व्या आयतीत सांगितलं आहे. त्यानंतर थोडं पुढे २८२वी आयत येते, कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याची लिखापढी. उधारी लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका. आजवर आम्ही ही आयत कितीदा वाचली असेल, पण वही कुणी काढली नव्हती. हप्ता भरणाऱ्या चौघीही तिथंच बसल्या होत्या. एक जण चिडून म्हणाली, “उसंत आम्ही द्यायची, पण आमच्या घरी कोण देतंय?” तिचं खोटं नव्हतं. तिनंही तो हप्ता दळणाच्या पैशांतून भरला होता.

त्या संध्याकाळी उपदेश तिथंच थांबला आणि हिशेब सुरू झाला. आम्ही तिघी खालाच्या घरी गेलो. तिन्ही कर्जांची कार्डं काढली, किती भरले, किती राहिले ते एका पानावर मांडलं. सर्वांत लहान कर्जाचे साडेसहा हजार राहिले होते. आमच्या बारा जणींची हजार-हजाराची भिशी आहे, चिठ्ठी टाकून नंबर काढतो, लिलाव करत नाही. लिलावाच्या भिशीत घाई असलेली बाई कमी पैसे घेते आणि तो फरक म्हणजे व्याजच, म्हणून आम्ही ते ठेवलंच नाही. त्या महिन्याचा नंबर सगळ्यांच्या संमतीनं खालाला दिला. त्यातून ते कर्ज मिटलं आणि चौघींचे पैसेही परत झाले. जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही येतो, हे लक्षात घेऊन दोन घरांनी रमजानमध्ये आपली जकात गुपचूप तिच्याकडे पोचवली. भिशीचे पुढचे हप्ते तिनं कसे द्यायचे, हे दोन साक्षीदारांसमोर वहीत लिहिलं.

सगळं सुटलं असं नाही. दोन कर्जं अजून चालू आहेत. पण दीड महिन्यानं तिची चप्पल रांगेत दिसली. आत आली, दाराजवळच बसली. सतरंजी मात्र त्या दिवशी दुसऱ्याच कुणी अंथरली होती.

वाचकांसाठी थोडं कामाचं

हप्त्याच्या बैठकीत बसणाऱ्या भगिनींना नियम कुणी सांगत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली घालून दिलेले काही नियम इथं देते.

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. म्हणजे घरात १२,००० येत असतील तर सगळे हप्ते मिळून ६,०००च्या आत. कर्ज देणाऱ्यानंच हे तपासायचं असतं, पण त्याआधी आपण तपासावं.

कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. व्याज, इतर खर्च, हप्ते सगळं त्यावर असलं पाहिजे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लागत नाही. हप्ता उशिरा झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही.

वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं चालत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायला हवी. लागोपाठ दोनदा तुम्ही तिथं गेला नाहीत, तरच ते घरी येऊ शकतात. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि शेवटचं, आपापसातलं. आपल्या बैठकीतली एखादी बाई दोन आठवडे दिसली नाही, तर तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका. मी पाच आठवडे पाहिली. आता आमच्या वहीत पहिल्या पानावर हजेरी असते. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, हे आम्ही आधी वाचतो आणि चहानंतर दोघी जणी तिच्या घरी जाऊन येतात. फॉर्म मी अजूनही भरून देते. पण आता आधी पाटीवर हिशेब मांडते, तो तिच्याकडूनच करून घेते, आणि मगच पेन उघडते.