डाव्या पायास काम

जुन्या मोटारींच्या शौकिनांत फोर्ड मस्टँगचें मोठें कौतुक आहे. ही अमेरिकन गाडी १७ एप्रिल १९६४ रोजीं लोकांपुढें आली. आपोआप गिअर बदलणाऱ्या मस्टँगला पेडलें दोनच. त्यांतील ब्रेकचें चांगलें रुंद. आज तीच गाडी हातानें गिअर टाकून हांकावी अशी हौस कोणास झाली, तर नुसती गिअरपेटी बदलून भागत नाहीं. क्लचचें तिसरें पेडल हवें, आणि ब्रेकचें अरुंद हवें. जुनें रुंदच ठेवल्यास क्लच शोधणारा डावा पाय ब्रेकवर पडावयाचा!

क्लचच्या पेडलाचा आडवा दांडा ब्रेकच्या पेडलाच्या वरच्या टोकांतून आरपार जातो. म्हणून दोन्हीं पेडलें एकदमच बदलतात. क्लचला साहाय्य करणारी स्प्रिंग मोठ्या ताणाची असते. ती हाताळतांना बोटें जपावीं.

परंतु खरी काळजी क्लचची नव्हेच. क्लच बिघडला तर गाडी अडेल. ब्रेक निसटला तर ती थांबणार नाहीं. ब्रेकचा दांडा पेडलास जोडणारी जागा व मागील तांबडा दिवा लावणारें बटण, हीं दोन्हीं या कामांत सुटीं करावीं लागतात. तेथील लहानशी खीळ नीट बसली कीं नाहीं, हें स्वतः वांकून पाहावें. ज्या गाडींत घरचीं मुलेंमाणसें बसावयाचीं, तिची तपासणी रंगापासून नव्हे, या खिळीपासून सुरू व्हावी.