विश्लेषण : ‘वाळवी आढळली नाही’ असा अहवाल आला, पण तपासणी नेमकी कशाची झाली?

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात, सकाळी लादीवर पंखांचा खच दिसतो आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. जोगेश्वरीत जुन्या चाळी आणि सोसायट्या आहेत, पूर्वेला आरेची झाडी आहे, तर पश्चिमेला ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. वाळवीला हवी असलेली ओल, माती आणि लाकूड इथे हाताच्या अंतरावर आहे. त्यामुळे रिसेलचा फ्लॅट घेताना किंवा नवे फर्निचर करण्याआधी अनेक जण तपासणी करून घेतात. मात्र ‘वाळवी आढळली नाही’ या शेऱ्यावर विसंबून लाखोंचा खर्च करण्याआधी त्याचा अर्थ समजून घेणे गरजेचे आहे.

तपासणीत काय पाहिले जाते?

ही तपासणी मुख्यतः डोळ्यांनी होते. टॉर्च घेऊन दार-खिडक्यांच्या चौकटी, भिंतीतली कपाटे, माळा, सिंकखालचा भाग, बाथरूमला लागून असलेल्या भिंती आणि मीटर बॉक्स पाहिला जातो. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती जमिनीतून येणारी वाळवी असते. नळी थोडी फोडून आत जिवंत वाळवी आहे का, हे पाहतात. लाकडावर ठोकून पोकळ आवाज येतो का, हे तपासतात. काही जण ओल मोजणारे मीटरही वापरतात.

पंखवाला प्रत्येक किडा वाळवी नसतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा वाकलेल्या आणि कंबर बारीक असते.

काय राहून जाते?

नेहमीच्या तपासणीत भिंत फोडत नाहीत, लादी उचलत नाहीत, पीओपीचे फॉल्स सीलिंग उघडत नाहीत. मॉड्युलर किचनच्या मागची भिंत, सनमायकाखालचे प्लायवूड, सामानाने भरलेला माळा आणि कुलूपबंद खोली पाहिली जात नाही. वाळवी उजेड टाळते आणि लाकूड आतून खाते. म्हणजे जिथे ती असण्याची शक्यता जास्त, नेमका तोच भाग नजरेआड राहतो.

रिसेलच्या फ्लॅटमध्ये ताजा रंग असेल, तर जुन्या नळ्यांच्या खुणाही पुसलेल्या असू शकतात. शिवाय अहवाल त्या दिवसापुरताच असतो. नंतर बाजारातून आणलेल्या जुन्या पलंगातून लाकडातच राहणारी वाळवी घरात येऊ शकते. तिला जमिनीतल्या मातीची गरज नसते. फर्निचरखाली खसखशीसारखे बारीक, कडक दाणे पडणे ही तिची खूण.

वरच्या मजल्यावर धोका नाही?

हा गैरसमज आहे. वाळवी काँक्रीट खात नाही, पण भेगा, पाइपांचे डक्ट आणि वायरिंगच्या वाटेने वर चढते. एका फ्लॅटच्या तपासणीत शेजारचे घर, डक्ट, तळमजल्यावरची मीटर रूम किंवा आवारातले झाड येत नाही. गळती तशीच राहिली, तर औषध मारूनही वाळवी परतू शकते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे. त्यासाठी सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा.

स्ट्रक्चरल ऑडिट झाले असेल तर?

त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यात इमारतीची मजबुती तपासली जाते, तुमच्या कपाटातली वाळवी नाही. उलट, लाकडी वासे असलेल्या जुन्या चाळीत वाळवी दिसली, तर पेस्ट कंट्रोलवाल्याचा शेरा पुरत नाही. वासा भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरच सांगू शकतो.

मोफत तपासणी आणि वॉरंटीचे काय?

मोफत तपासणी करणारी कंपनीच बहुतेक वेळा उपचारही विकते. त्यामुळे वाळवी कुठे दिसली, याचे फोटो मागावेत. उभ्या इमारतीतल्या उपचारासाठी भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस ६३१३’ या मानकाचा तिसरा भाग आहे. त्यात भिंत आणि लादी जुळते तिथे साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून औषध सोडण्याची पद्धत दिली आहे. केवळ वरवर फवारणी म्हणजे हा उपचार नव्हे.

वॉरंटीत सहसा वाळवी परत आल्यास पुन्हा औषध मारण्याचे आश्वासन असते. खराब झालेल्या फर्निचरची भरपाई त्यात असेलच असे नाही.

अहवाल घेताना काय विचाराल?

• कोणत्या खोल्या व भाग पाहिले आणि कोणते पाहता आले नाहीत, याची लेखी यादी.
• जिवंत वाळवी सापडली, की फक्त जुन्या खुणा?
• ओल कुठे आहे आणि ती कशामुळे?
• उपचार सुचवला असेल, तर औषधाचे नाव आणि कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालील परवाना.

तपासणीआधी माळा रिकामा करा, कपाटे भिंतीपासून थोडी पुढे ओढा. न पाहिलेल्या भागांची यादी लांबलचक असेल, तर व्यवहार किंवा फर्निचरचे काम पुढे नेण्याआधी ते भाग उघडून पुन्हा तपासणी करून घ्या.