पडशी आणि वस्तुसंग्रहालय

पूर्वी महाराष्ट्रातील वाटसरू पायी प्रवासास निघाला की त्याच्या खांद्यावर पडशी असे. पडशी म्हणजे जाड्याभरड्या कापडाची लांबट पिशवी. तिचे तोंड मधोमध असे आणि दोन्ही टोकांना एकेक कप्पा असे. मधला भाग खांद्यावर टाकला की एक कप्पा छातीवर लोंबे व दुसरा पाठीवर. एकात धोतर आणि पंचा, दुसऱ्यात भाकरीची शिदोरी व थोडे पीठमीठ, एवढाच तिच्यातील संसार. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असल्यामुळे चालणाऱ्याचे शरीर पुढे वाकत नसे, मागे कलत नसे. हात मोकळे राहत. एका हातात काठी व दुसऱ्या हातात तांब्या घेऊन तो दिवसभर चालू शके. वाटेत एखादे देऊळ, बारव किंवा जुना वाडा दिसला तर घटकाभर थांबून तो पाहावा, एवढे बळही त्याच्या अंगात शिल्लक असे.

पुढे आगगाडी आली. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईतील बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि हळूहळू प्रवासाची रीतच पालटली. ओझे आता गाडी वाही, आणि गाडीपर्यंत ते हमाल नेई. त्यामुळे ओझे वाढू लागले. लोखंडी ट्रंक, पट्ट्यांनी आवळलेली वळकटी, फिरकीचा तांब्या, फराळाचे डबे, असा सारा लवाजमा माणसाबरोबर निघू लागला. ज्याचे वजन स्वतःला उचलावे लागत नाही, ते सामान वाढतच जाते, हा अनुभव त्या काळापासूनचा आहे. मौज अशी की, माणूस विमानाने फिरू लागला तेव्हा पुन्हा पडशीची आठवण व्हावी अशी वेळ आली. भारतातील बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर आपल्याजवळ ठेवावयाच्या पिशवीचे वजन सामान्यतः 7 किलोपेक्षा अधिक चालत नाही. तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 115 सेंटिमीटरच्या आत असावी लागते. म्हणजे सुमारे 55 सेंटिमीटर उंच, 35 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर जाड एवढ्या जागेत प्रवासाचा सारा प्रपंच मावला पाहिजे.

अशी पिशवी निवडताना पुष्कळ लोक तिचा रंग व तिच्यावरील चकचकीत साखळ्या पाहतात. रिकामी पिशवी हातात उचलून पाहणारे थोडे. वास्तविक पहिली परीक्षा तीच. चाकांची कडक पेटी रिकामी असतानाच अडीच ते तीन किलो भरते. सात किलोंतून तेवढे वजा झाले की सामानाला उरतात जेमतेम चार. कापडी पिशवी बहुधा किलोभराच्या आसपास असते. चाके गुळगुळीत फलाटावर सुखाची वाटतात, यात शंका नाही. परंतु वाड्याचा अरुंद जिना, घाटाच्या पायऱ्या किंवा खडबडीत फरशीची गल्ली आली की तीच पेटी चाकांसकट उचलून न्यावी लागते. ज्याला जिने चढावयाचे आहेत त्याने पाठीवरची पिशवी पसंत करावी, हे उत्तम.

पाठीवरच्या पिशवीचे पट्टे रुंद असावेत. वजन तेच असले तरी ते रुंद पट्ट्यावर अधिक जागेत विभागले जाते, म्हणून दाब कमी होतो. अरुंद पट्टा मात्र खांद्यात रुततो. धारदार सुरीने भाजी लवकर चिरली जाते आणि बोथट सुरीने चिरली जात नाही, यामागेही हेच तत्त्व आहे. जड वस्तू पिशवीत पाठीला लागून ठेवाव्यात. त्या पाठीपासून दूर राहिल्या की पिशवी मागे ओढते, आणि तोल सांभाळण्यासाठी माणूस पुढे वाकून चालू लागतो. दोन पट्ट्यांची पिशवी एकाच खांद्यावर अडकवण्याची ऐट मुलांत दिसते. तिचे भाडे संध्याकाळी मान व पाठ यांना भरावे लागते. शाळेच्या दप्तराविषयी भारत सरकारने 2020 साली जे धोरण ठरवले, त्यात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे असे म्हटले आहे. प्रवासातही ते माप लावण्यास हरकत नाही. 35 किलो वजनाच्या मुलाने साडेतीन किलोंवर ओझे घेऊ नये.

आता पिशवी भरण्याचे काम. घरोघरी या वेळी एक वाक्य ऐकू येते, 'असू द्या, लागेल.' पिशवीतील सर्वांत जड वस्तू कोणती, असे विचारले तर हे वाक्य, असेच उत्तर द्यावे लागेल! त्याच्यापायी तिसरा जोड, दुसरी चादर, न वाचली जाणारी चार पुस्तके आणि पाहुण्यांकडे सहज मिळणारा साबण, एवढे सर्व आत जाते. तीन दिवसांच्या प्रवासास अंगावरचा एक व पिशवीतील दोन, इतके कपडे पुरेत. पातळ सुती सदरा रात्री धुऊन दोरीवर टाकला तर सकाळी वाळतो. जाड विजार दोन दिवस ओली राहते, शिवाय तिचे वजनही अधिक. कपड्यांच्या गुंडाळ्या करून त्या उभ्या लावल्या की खालचा सदरा काढण्यासाठी वरचे सर्व उपसावे लागत नाही. तिकीट, ओळखपत्र व पैसे आतल्या कप्प्यात, पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात. आणि पिशवीत थोडी जागा रिकामी ठेवावी. येताना काहीतरी आणले जातेच.

या सर्व तजविजीचा खरा उपयोग केव्हा होतो? समजा, एखादे कुटुंब सकाळी पुण्यास उतरले आणि रात्रीच्या गाडीने त्यास पुढे जावयाचे आहे. मधला सारा दिवस मोकळा. सामान जड असेल तर हा दिवस स्थानकाच्या बाकावर, पेट्यांची राखण करण्यात जातो. स्थानकावरील क्लोकरूममध्ये सामान ठेवता येते, पण कुलूप नसलेली पिशवी तेथे घेत नाहीत. म्हणून लहानसे कुलूप जवळ असावे. ज्यांच्या पाठीवर हलकी पिशवी आहे, ते मात्र थेट शुक्रवार पेठेकडे वळू शकतात. तेथे, बाजीराव रस्त्याजवळ, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 सालचा. ते कवी होते आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. राजेरजवाड्यांचे हिरेमोती त्यांना नको होते. दिवे, कुलपे, दौती, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, पाय घासण्याच्या वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे, अशा घरातल्या वस्तूंच्या शोधात ते गावोगाव हिंडले. अशी पितळेची वस्तू जुनी झाली की लोक ती मोडीत घालत आणि तिचा रस होऊन नवे भांडे तयार होई. केळकरांनी वेळीच हात पुढे केला नसता तर त्यांतील कितीतरी वस्तू आज कोणालाही दिसल्या नसत्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच, अवघ्या सातव्या वर्षी वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयास त्याचे नाव दिले, आणि पुढे हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या दारावर मुलाचे नाव आहे, त्या दारातून रोज कितीतरी मुले आत जातात.

आत जाण्यापूर्वी मोठी पिशवी दारापाशी ठेवावी लागते. बहुतेक संग्रहालयांत हा नियम असतो आणि मुलांना तो जाचक वाटतो. परंतु पाठीला डोळे नसतात. पिशवी लावलेला माणूस वळला की पिशवीही वळते, आणि तिचा धक्का मागच्या कपाटाला बसला हे त्याला आवाज झाल्यावर कळते. पाण्याची बाटलीही बाहेरच बरी. जवळ असावी एक लहान वही व शिसपेन्सिल. शाईचा ओघळ उडू शकतो, शिसाचा उडत नाही.

काही दालने अंधूक असतात, ती कंजूषपणामुळे नव्हे. कागदावरील चित्रे व जुनी वस्त्रे यांचे रंग प्रकाशाने उडतात आणि एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्स एवढाच प्रकाश पडू देतात. लक्स हे प्रकाशाचे माप आहे. भर दुपारच्या उन्हात तोच प्रकाश लाखाच्या घरात जातो. उन्हातून आलेल्याने दारात पाचदहा मिनिटे थांबावे. डोळ्यांस अंधाराची सवय होते आणि प्रथम काळपट दिसलेल्या चित्रातून हिरवा, तांबडा, सोनेरी असे रंग एकेक करून वर येतात. वस्तूंस हात न लावण्याचेही कारण आहे. तळहातावर घामाचे क्षार व तेलाचा अंश असतो. त्याने धातूवर डाग धरतात. एका स्पर्शाने काय होणार, असे प्रत्येकास वाटते. देवळातील दगडी कासवाची पाठ कशी गुळगुळीत झाली, ते आठवावे.

संग्रहालयात तासाभराने पाय दुखतात, जांभया येतात, आणि 'पुरे झाले' असे वाटू लागते. हा मुलांचा आळस आहे असे मोठ्या माणसांस वाटते, पण ते खरे नाही. अमेरिकेतील बॉस्टन येथील कलासंग्रहालयात बेंजामिन आयव्हज गिल्मन नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी एका माणसास कपाटांतील वस्तूंविषयी प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना तो कसा वाकतो, मान कशी वळवतो, गुडघ्यांवर कसा बसतो, याची छायाचित्रे घेतली. 1916 साली ती प्रसिद्ध करून त्यांनी दाखवून दिले की वस्तू पाहणे हे अंगमेहनतीचे काम आहे. मुलांची मेहनत तर आणखी अधिक, कारण पुष्कळ कपाटे मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेली असतात आणि मुलांस टाचा उंचावून पाहावे लागते.

म्हणून सर्व पाहण्याचा हट्ट सोडावा. केळकरांच्या संग्रहात 20,000 हून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत सुमारे 2,500. संग्रहालयानेच निवड केली आहे. पाहणाऱ्याने का करू नये? प्रथम सर्व दालनांतून न थांबता एक फेरी मारावी. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे वाडा बांधला होता. त्याचे अवशेष येथे आणून पुन्हा उभे केले आहेत, ते दालन या फेरीत चुकवू नये. नंतर मनात राहिलेल्या चारपाच वस्तूंकडे परत जावे आणि त्यांच्यापाशी वेळ घालवावा.

समजा, त्यांतील एक वस्तू अडकित्ता आहे. येथे अडकित्ते कितीतरी आहेत. कोणाला पोपटाचा आकार, कोणाला मोराचा, कोठे घोडा व स्वार, कोठे स्त्रीपुरुषांची जोडी. घाईने जाणारा 'छान' म्हणून पुढे सरकतो. जो थांबतो त्याला प्रश्न पडू लागतात. याचा खिळा टोकाला का? सुपारी ठेवण्याची जागा खिळ्याजवळ का? खिळ्यापासून सुपारी 2 सेंटिमीटरवर आणि हाताची पकड 12 सेंटिमीटरवर असेल, तर सुपारीवर हाताच्या जोराच्या सहापट जोर पडतो. विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ ती हीच! टणक सुपारी दगडाने ठेचली तर तिचा चुरा उडतो. अडकित्त्याने ती हव्या तेवढ्या बारीक कातरता येते. मग आणखी प्रश्न. एवढ्या साध्या कामाच्या हत्याराला मोराची मान कशासाठी? पाहुणा आला की पानाचे तबक पुढे येई, चुनाळे उघडे, अडकित्ता साऱ्यांच्या देखत चाले. ज्या वस्तूकडे चार माणसांचे लक्ष जाई, तिला कारागीर नटवणारच. काही अडकित्त्यांचे पाते झिजलेले दिसते, त्यावरून ते शोभेसाठी नसून वापरातले होते हे ओळखता येते.

वहीत अशा वस्तूचे चित्र काढावे. चित्र चांगले येत नसले तरी चालते. कारण रेघ मारावयाची म्हटले की प्रत्येक वळण पाहावेच लागते. छायाचित्र काढण्यास परवानगी असेल तर तेही घ्यावे, मात्र झगझगीत दिवा न पाडता. पण छायाचित्र घेऊन लगेच पुढे जाणाऱ्याने ती वस्तू पाहिली असे म्हणणे कठीण आहे. दोन तास झाले, पाय बोलू लागले, की बाहेर यावे. राहिलेल्या दालनांबद्दल हळहळू नये. ती पुढच्या खेपेस.

दारापाशी पिशवी परत घेतली जाते, पट्टे दोन्ही खांद्यांवर चढतात आणि कुटुंब रस्त्याला लागते. रात्री गाडीत वही निघते. मोराची मान पुढे होती की मागे, यावर भावंडांत वाद होतो आणि चित्र पाहून तो मिटतो. प्रवास संपवून घरी गेल्यावर कोणीतरी आजीच्या फडताळात डोकावते. तिथे पानाच्या डब्याशेजारी एक साधा, बिननक्षीचा लोखंडी अडकित्ता पडलेला असतो. त्याची एक मूठ अंगठ्याच्या जागी झिजून चकचकीत झालेली असते.