प्लगइन डिलीट केलं, तरी साइटवर जुनंच पान का दिसतंय?

गेल्या मार्चमध्ये देवगडहून मामाचा फोन आला. "अरे, पंधरा दिवस झाले, वेबसाइटवरून एक पण ऑर्डर नाय. बंद पडली की काय ती?"

मी लॅपटॉपवर साइट उघडली. व्यवस्थित चालू होती. पहिल्याच पानावर 'हापूसची नोंदणी सुरू', खाली पेटीचे दर, त्याखाली फॉर्म. मामाच्या फोनवरही तेच दिसत होतं. म्हटलं, यंदा नवं गिऱ्हाईक कमी असेल. दोन दिवसांनी ठाण्याच्या मावसबहिणीने स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, "मामाचे आंबे मार्चमध्येच संपले?" तिच्या फोनवर पान होतं : 'यंदाचा हंगाम संपला. पुढच्या वर्षी भेटू.' हे वाक्य मीच आदल्या जूनमध्ये टाकलं होतं.

म्हणजे मामाला आणि मला नवं पान, बाकी सगळ्या जगाला जुनं. आम्हा दोघांत सारखं काय? आम्ही दोघंही वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलेले होतो. तिथून धागा सुटायला लागला.

मार्चच्या सुरुवातीला मामाच्या होस्टिंगवर पीएचपीची आवृत्ती बदलली आणि डॅशबोर्ड उघडेना. एरर बघितली तर एका कॅशिंग प्लगइनकडे बोट. कॅशिंग प्लगइन म्हणजे पान एकदा तयार करून त्याची प्रत साठवून ठेवणारं, म्हणजे दर वेळी डेटाबेसला त्रास नको. मी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये गेलो, प्लगइनचं फोल्डरच उडवलं, डॅशबोर्ड उघडला, काम झालं म्हणून लॅपटॉप मिटला. चूक तिथेच झाली, आणि ती माझीच होती.

वर्डप्रेसमध्ये प्लगइन घालवायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींचा परिणाम वेगळा. 'डीअ‍ॅक्टिव्हेट' म्हणजे फक्त बंद करणं, सामान तिथेच. त्यानंतर डॅशबोर्डवरून 'डिलीट' केलं, तर वर्डप्रेस आधी प्लगइनने स्वतः लिहून ठेवलेला आवराआवरीचा कोड चालवतं आणि मग फोल्डर काढतं. हा कोड बहुधा 'अनइन्स्टॉल.पीएचपी' नावाच्या फाइलमध्ये असतो. तो लिहिलाच नसेल किंवा अर्धवट लिहिला असेल, तर सामान राहतं. तिसरी पद्धत माझी : फोल्डर थेट उडवणं. यात वर्डप्रेसला काही कळतच नाही, त्यामुळे आवराआवरीचा कोड असला तरी तो चालत नाही. भाडेकरू रात्रीत निघून गेला, पण त्याने भिंतीत ठोकलेले खिळे, ओढलेली वायर आणि दारावरची पाटी तशीच, असा प्रकार.

(फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. सर्व्हरवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत दिसतील.)

मामाच्या साइटवर ते खिळे कुठे होते? सगळ्यात महत्त्वाचा '.एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये. नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ती लपलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, असा पर्याय निवडावा लागतो. त्यात प्लगइनने लिहिलेला एक नियम होता, मराठीत सांगायचं तर असा : येणाऱ्याकडे लॉगिनची कुकी नसेल, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसेल, आणि पानाची तयार प्रत कॅश फोल्डरमध्ये असेल, तर वर्डप्रेसला न उठवता ती प्रत देऊन टाका. हा नियम सर्व्हर पाळतो, त्याला प्लगइन असण्यानसण्याशी घेणंदेणं नाही. आणि शिळ्या प्रती काढून टाकणारा कोड? तो प्लगइनमध्ये होता, जो मी उडवला. त्यामुळे जूनमधलं वाक्य असलेली प्रत कायमची अडकली.

हे तुमच्याकडेही होतंय का, ते दोन मिनिटांत कळतं. खासगी विंडोत साइट उघडा. मग त्याच पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीही अक्षरं लावून पुन्हा उघडा. दोन्हीकडे वेगळं पान दिसलं, तर मधे कुठेतरी साठवलेली प्रत आहे. अजून एक खूण : पानाचा सोर्स उघडून अगदी तळाला जा. बरीच कॅशिंग प्लगइन्स तिथे प्रत कधी बनवली ती तारीख-वेळ लिहून ठेवतात. मामाच्या पानावर मी फोल्डर उडवलं त्याच्या आदल्या दिवशीची तारीख होती. बघून कसंसंच झालं.

साफसफाई करताना आधी पूर्ण बॅकअप घेतला. '.एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये प्लगइन्स आपला मजकूर सहसा 'बिगिन' आणि 'एंड' अशा दोन खुणांमध्ये लिहितात, तेवढाच तुकडा काढायचा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या नावाचा तुकडा काढू नका. चुकून काढलाच, तर सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्सच्या पानावर नुसतं सेव्ह दाबलं तरी वर्डप्रेस तो पुन्हा लिहितं. त्यानंतर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमधली 'डब्ल्यूपी कॅश'वाली ओळ काढली, 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधली 'अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश' फाइल काढली, आणि शेवटी कॅश फोल्डर रिकामं केलं. खरं तर नुसतं फोल्डर रिकामं केलं असतं तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं, कारण प्रतच नसली की नियम लागू होत नाही. पण मग पुढे कुणी दुसरं कॅशिंग प्लगइन टाकलं की पुन्हा गोंधळ. संध्याकाळी नाशिकहून दोन पेट्यांची ऑर्डर आली.

यापेक्षा सोपा रस्ता मला नंतर सुचला : तेच प्लगइन पुन्हा टाकायचं, चालू करायचं, आणि मग डॅशबोर्डवरून रीतसर डीअ‍ॅक्टिव्हेट करून डिलीट करायचं. नवी आवृत्ती नव्या पीएचपीवर चालत असेल, तर आधी हेच करा. ज्याने खिळे ठोकले, त्याला ते कुठे आहेत ते ठाऊक असतं.

कॅशिंगच्या बाबतीत जुनं पान दिसतं, सुरक्षेच्या प्लगइनच्या बाबतीत आख्खी साइट पडू शकते. काही फायरवॉल वर्डप्रेसच्याही आधी जागं व्हायचं म्हणून पीएचपीला सांगून ठेवतात, की काहीही चालवण्याआधी माझी ही फाइल चालव. या सेटिंगचं नाव 'ऑटो प्रीपेंड फाइल' आणि ते '.युजर.आयएनआय' किंवा '.एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये असतं. तुम्ही ती फाइल उडवली आणि सेटिंग राहिलं, तर प्रत्येक पानावर फेटल एरर, डॅशबोर्डसकट. म्हणून आधी सेटिंगची ओळ काढायची, मग थांबायचं, मग फाइल. थांबायचं अशासाठी, की पीएचपी '.युजर.आयएनआय' सतत वाचत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद जुनंच लक्षात ठेवतं. घाई करून पाच मिनिटांच्या आत फाइल काढली, की साइट पडते आणि आपण नसलेली चूक शोधत बसतो.

लेखांमध्ये मधेच चौकोनी कंसातला अगम्य मजकूर दिसायला लागला, तर तो शॉर्टकोड. त्याचं फॉर्म किंवा फोटो गॅलरीत रूपांतर करणारं प्लगइन गेलं, कंस उरले. दहा-वीस लेख असतील तर हाताने काढा. शेकडो असतील तर चाइल्ड थीममध्ये त्या नावाचा शॉर्टकोड रिकामा मजकूर देईल अशी एक ओळ टाका, कंस दिसेनासे होतील.

डेटाबेसबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. उरलेल्या चार ओळींनी साइट मंद होत नाही. काही प्लगइन्स तर मुद्दाम डेटा ठेवतात. वूकॉमर्स डिलीट केलं तरी जुन्या ऑर्डरी राहतात, पुसायच्याच असतील तर तसं कॉन्फिगमध्ये वेगळं लिहावं लागतं, आणि हे योग्यच आहे. बघायचं ते 'ऑटोलोड' : ऑप्शन्स टेबलमधल्या ज्या नोंदी जवळपास प्रत्येक पानाबरोबर मेमरीत येतात त्या. वर्डप्रेस ६.६ पासून त्यांचा आकार ८०० केबीच्या वर गेला की साइट हेल्थच्या पानावर इशारा येतो. तो नसेल तर डेटाबेस साफ करणारं आणखी एक प्लगइन टाकण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि एक जागा आपल्या हाताबाहेरची : येणाऱ्याचा ब्राउझर. नोटिफिकेशन पाठवणारी किंवा साइटचं 'अ‍ॅप' करून देणारी प्लगइन्स तिथे सर्व्हिस वर्कर बसवून जातात. सर्व्हरवरून फाइल काढली तरी तो जात नाही, जुनी पानं दाखवत राहू शकतो. उपाय थोडा उलटा आहे. त्याच पत्त्यावर, त्याच नावाची छोटी फाइल ठेवायची, जी स्वतःचीच नोंदणी रद्द करते. ती काही महिने तरी राहू द्या, म्हणजे क्वचित येणाऱ्यांपर्यंतही पोचेल.

आता दर बदलला की मामा आधी ठाण्याला फोन करतो. मावसबहीण लॉगिन न करता, मोबाइल डेटावर पान उघडते आणि दिसतोय तो आकडा वाचून दाखवते.