बोअरवाल्याचा शब्द आणि आपली टेप

मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोलत होतो. एखादी गोष्ट खरी मानायची तर आधार कशाचा: डोळ्यांनी पाहिलेलं, अनुमानाने काढलेलं, की कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवलेलं? शेवटी मागच्या रांगेतल्या मुलुंडच्या एका बाईंनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक, पण आमच्या सोसायटीत बोअर मारणारा ठेकेदार फसवतोय, त्याचं काय करायचं?" सभागृह हसलं. मी हसलो नाही, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः एकदा पडलोय. आज तेच सांगतो.

आधी जमिनीचं बघू. आपण बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर राहतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलाय ना? सुमारे 200 फूट उंचीचा तो उभा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. हा दगड वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत, लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. तुमचं सहा इंचाचं भोक भेगेला भेटलं तर पाणी, चार हात बाजूला गेलं तर नुसती धूळ. "शेजारच्या बिल्डिंगला लागलं, मग आपल्याला लागेलच" हे अनुमान इथे टिकत नाही. धूर आणि अग्नी यांची जशी व्याप्ती असते, तशी शेजाऱ्याच्या बोअरची आणि आपल्या बोअरची नसते. पाणाड्या हातावर नारळ घेऊन फिरतो, दुसरा कुणी यंत्राने जमिनीचा विद्युतरोध मोजतो. दुसऱ्याला शास्त्राचा आधार आहे, पण तोही शक्यताच सांगतो.

म्हणजे पाण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. आणि आपण नेमकी तीच मागतो! आमच्या कमिटीपुढे तीन कोटेशनं होती. दोघे म्हणाले, फुटाचा दर अमुक, पाण्याचं सांगता येणार नाही. तिसरा म्हणाला, "पानी लगेगाच साहेब, गॅरंटी." आम्ही तिसऱ्याला काम दिलं. मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. त्याने आम्हाला फसवलं हे खरं, पण खरं बोलणाऱ्या दोघांना आम्हीच घरी पाठवलं होतं.

ठेकेदार काय कबूल करू शकतो? खोली, भोकाचा व्यास, केसिंग कुठल्या जाडीचं आणि किती फूट, फ्लशिंग किती वेळ, खडकाचा थर बदलला की लेखी नोंद. हे सगळं मोजता येतं. म्हणून करारात हे लिहा. "पाणी लागेपर्यंत" असले शब्द कागदावर येऊ देऊ नका. त्याचा अर्थ भोक कितीही खोल न्यायची मोकळीक, आणि पैसे फुटावर! किती फुटांनंतर तुमच्या लेखी होकाराशिवाय पुढे जायचं नाही, तो आकडा आधीच ठरवा. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली गेलेली विहीर 'खोल विहीर' धरतात, हेही कमिटीला ठाऊक असू द्या.

आणखी एक. ज्याने शब्द दिला तो माणूस बहुतेकदा रिगवर नसतोच. तो मध्यस्थ. रिग दुसऱ्याची. तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे हे गाव अशा रिगसाठी देशभर ओळखलं जातं. तिकडच्या गाड्या आणि माणसं सगळीकडे फिरत असतात. रिगवरच्या मुलाला तुमच्याशी काय ठरलंय याची कल्पना नसते. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. कराराची प्रत त्याच्या हातात द्या.

आता आमची गोष्ट. रिग सकाळी यायची ती संध्याकाळी सातला आली. आवाज, धूळ, शेजाऱ्यांची ओरड. मी साडेनऊला वर जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी बिल आलं 320 फुटांचं. आमच्या खजिनदारांना शंका आली. त्यांनी दोरीला वजन बांधून आत सोडलं, ते 240 फुटांवर टेकलं. ठेकेदार म्हणाला, "काका, खाली गाळ बसलाय." आता बघा, हे खोटं असेलच असं नाही. फ्लशिंग नीट झालं नाही की खडकाचा चुरा खाली बसतो, कधी भिंतही ढासळते. पण 80 फूट? तो खरं बोलत होता की खोटं, हे मला आजही माहीत नाही. ते ठरवायला लागणारा पुरावा आम्ही झोपेत घालवला होता. शेवटी 80 फुटांचे निम्मे पैसे देऊन मिटवलं.

दोन वर्षांनी दुसरी बोअर मारली तेव्हा मी खुर्ची टाकून बसलो. हातात वही. खोली मोजायची रीत अगदी साधी आहे. ड्रिलचे रॉड सारख्या लांबीचे असतात, कुठे 20 फुटी, कुठे कमी. सुरुवातीला एक रॉड आणि खालचा हॅमर टेपने मोजून घ्यायचा. मग किती रॉड खाली गेले ते मोजत राहायचं, आणि शेवटचा किती वर राहिला ते वजा करायचं. जमिनीखालचं दिसत नाही, पण जे खाली गेलं ते आधी वर दिसलेलं असतं. प्रत्येक रॉडला वेळ टाकली आणि रिगवरच्या मुलाची सही घेतली. त्याला गंमत वाटली. बिलावर मात्र एका फुटाचाही वाद झाला नाही.

केसिंगचंही तेच. पाइप आत सोडण्याआधी जमिनीवर मांडून टेप लावा, फोटो काढा. केसिंग मुरूम ओलांडून घट्ट खडकात बसलं पाहिजे. ठेकेदाराने तिथे पाइप वाचवला की वरचा मुरूम आत ढासळतो, आणि आपल्या उपनगरात गटाराचं झिरपणारं पाणीही वरच्या थरातून आत येतं.

"दोन इंच पाणी लागलं" यावर पैसे देऊ नका. पंप काही तास चालवा, 20 लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. बादली 12 सेकंदांत भरली तर तासाला 6000 लिटर. तीन तासांनी तीच बादली 40 सेकंद घेत असेल तर तुमचं पाणी तासाला 1800 लिटर आहे. शेवटचा हप्ता या मोजणीनंतर द्या.

परवानगीचं "ते मी बघतो" म्हणाला, तर कागद स्वतः हातात घेऊन वाचा. ठाण्यात एका बोअरच्या खोदकामाने मुंबई महापालिकेच्या जलबोगद्यालाच भोक पडलं. दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून मुंबईत 30 दिवसांची 15 टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली.

वाद मिटलाच नाही तर आधी लेखी नोटीस, मग ग्राहक आयोग. उपनगर जिल्ह्याचा वांद्रे पूर्वेला आहे. 2019 च्या कायद्यात सहकारी सोसायटीही तक्रार करू शकते. मुदत दोन वर्षांची. तिथे तुमची वही, फोटो आणि करार उपयोगी पडतात. "गॅरंटी दिली होती" हे तोंडी सांगणं सिद्ध करणं फार अवघड.

(श्रोत्यांतून प्रश्न: पाणी लागलंच नाही तर?)

मोजून झालेल्या फुटांचे पैसे द्यायचे. कुरकुर न करता. त्याने त्याचं काम केलेलं असतं. आणि ते भोक तसंच सोडायचं नाही. उघड्या बोअरमध्ये मुलं पडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निर्देश दिले: निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायची. हे भरण्याचं काम आणि त्याचा दर कोटेशनमध्येच लिहून घ्या. रिग एकदा फाटकाबाहेर गेली की पोतं झाकून सगळे विसरतात. आमच्या पहिल्या बोअरवर सहा महिने फरशीचा तुकडा होता.