न दुखणाऱ्या डोळ्याची हाक

रुग्णाला डॉक्टरांच्या दारी आणते ती बहुधा वेदना. दाढ ठणकली किंवा पोटात कळ आली, की मनुष्य मध्यरात्रीही दार ठोठावतो. परंतु डोळ्याच्या आतील दृष्टिपटल फाटले तरी दुखत नाही. वेदनेची जाणीव त्याला नाहीच. संकटाची सूचना ते प्रकाश आणि सावली यांच्याच भाषेत देते, आणि ती भाषा न उमगल्याने मोलाचा वेळ निघून जातो.

डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलीलिटर पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ असतो. त्यास व्हिट्रियस म्हणतात. तारुण्यात तो दृष्टिपटलाला चिकटून असतो. पन्नाशीनंतर बहुधा तो पातळ होतो, आकसतो आणि मागील बाजूने सुटतो. त्यातील तंतूंची सावली माशी, जाळे किंवा वलय होऊन नजरेपुढे तरंगते. त्याच्या ओढीमुळे अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्याचा भास होतो. बहुतेकांचे एवढ्यावरच निभावते. मात्र अशी लक्षणे अकस्मात उद्भवलेल्या सुमारे सात जणांपैकी एकाच्या दृष्टिपटलाला चीर पडलेली आढळते. त्या चिरेतून द्रव मागे शिरला, की दृष्टिपटल ओल्या भिंतीवरील कागदासारखे सुटू लागते आणि एका बाजूने काळा पडदा सरकत येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे अंधत्व जवळजवळ असाध्य मानले जाई. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी चीर हेच मूळ असल्याचे दाखवून ती डाग देऊन बंद करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९२९ साली ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत तिला मान्यता लाभली. आज नुसती चीर असेल, तर लेसरने किंवा अतिशीत उपचाराने ती बहुधा दाखल न होताच बंद करता येते. पटल सुटले, तर मोठी शस्त्रक्रिया अटळ ठरते. दृष्टीचे केंद्र सुटण्यापूर्वी ती झाल्यास दृष्टी वाचण्याची आशा पुष्कळ असते. नंतर पटल जागी बसले, तरी अक्षरे पूर्ववत दिसतीलच असे नाही.

चष्म्याचा मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया, डोळ्याला लागलेला मार किंवा घराण्यातील असाच विकार असल्यास विशेष सावध राहावे. मधुमेही रुग्णांत काळ्या ठिपक्यांचा वर्षाव हा रक्तस्रावही असू शकतो. अर्धशिशीतील नागमोडी प्रकाश सहसा दोन्ही डोळ्यांत दिसतो आणि तासाभरात ओसरतो. म्हणून प्रथम एकेक डोळा झाकून पाहावे.

व्यवसायबंधूंनाही एक विनंती. "डोळ्यापुढे माशी येते, वयामुळेच ना?" असा प्रश्न स्नेहीमंडळी लग्नमंडपातही सहज विचारतात. आपण अस्थितज्ज्ञ असू वा बालरोगतज्ज्ञ, "होय, वयामुळेच" असे म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: हे केव्हापासून? वीज चमकते का? बाजूला सावली दिसते का? लक्षणे नवी असतील, तर त्याच दिवशी थेंब घालून, बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची कडेपर्यंत तपासणी व्हावी. जाताना रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. पहिली तपासणी निर्दोष निघाली, तरी चीर पुढील काही आठवड्यांत पडू शकते. म्हणून पुन्हा दाखवावे, आणि ठिपके वाढल्यास त्या तारखेचीही वाट पाहू नये.

दुखत नाही म्हणून थांबणे, हेच या विकारात सर्वांत महाग पडते.